शुगरच्या रांगेत बसलेलं मन

आजारी माणसाला आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. तपासण्या नॉर्मल आल्या तर, "काही झालेलं नाही, सगळे मनाचे खेळ आहेत." आणि तपासणीत काही निघालं, मग तो माणूस गप्प बसू लागला, जेवणावरून त्याचं मन उडालं, तर, "एवढं दुखणं मागे लागल्यावर असं होणारच की." पहिल्या वाक्यात शरीराची तक्रार मनावर ढकलली जाते, दुसऱ्यात मनाची तक्रार शरीराच्या खात्यावर मांडून वही मिटली जाते. दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा मायेने बोललेली असतात आणि दोन्हींनंतर उपचार थांबतात. दीर्घ आजार आणि मानसिक आजार यांच्या नात्यावर गेल्या काही दशकांत जगभर भरपूर काम झालं आहे. या कामाने ही दोन्ही वाक्यं खोटी ठरवली, तरी दवाखान्यात आणि घरात ती अजून ठणठणीत आहेत.

आधी व्याप्ती पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने ६० देशांतल्या सुमारे २ लाख ४५ हजार लोकांची पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. मधुमेह, दमा, संधिवात, अंजायना यांपैकी किमान एक आजार असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण ९ ते २३ टक्के निघालं. असा कुठलाही आजार नसलेल्यांपेक्षा हे प्रमाण बरंच जास्त होतं. पण त्या पाहणीतली खरी बोचणारी गोष्ट वेगळी आहे. दोन शारीरिक आजार एकत्र असलेल्या माणसापेक्षाही एक शारीरिक आजार आणि सोबत नैराश्य असलेल्या माणसाची एकूण प्रकृती वाईट होती. नैराश्य आजारात भर घालत नाही, ते गुणाकार करतं असं म्हणावंसं वाटतं.

मधुमेहाचं उदाहरण सगळ्यात जास्त अभ्यासलेलं आहे. मधुमेहींमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते, हे २००१ पासून माहीत आहे. २००८ मध्ये वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र मांडले गेले, तेव्हा बाण दोन्ही दिशांनी जातो हे दिसलं. नैराश्य असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होता. मधुमेह असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी जास्त. आपल्या घरगुती समजुतीप्रमाणे दुसरा आकडा मोठा असायला हवा होता, कारण आजारपणाने माणूस खचतो हेच आपण डोळ्यांनी पाहतो. खचलेल्या माणसाची साखर दहा वर्षांनी वाढते तेव्हा मधला धागा कुणाच्या लक्षात राहिलेला नसतो. भारतात २०२३ च्या आयसीएमआर-इंडिअ‍ॅब अभ्यासाप्रमाणे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. दहांत एकाला नैराश्य धरलं तरी कोटभर माणसं होतात.

मनाचा आणि रोगाचा संबंध वैद्यांना नव्याने कळलेला नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये थॉमस विलिस या डॉक्टराने दीर्घकाळच्या दुःखातून मधुमेह होतो असं लिहून ठेवलं होतं. आयुर्वेदाने तर शरीर आणि मन ही दोन्ही रोगाची ठिकाणं मानली. घोटाळा झाला तो विसाव्या शतकात, आणि तो केला मनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीच. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी १९५० च्या सुमारास सात आजारांचा एक गट मांडला: जठरव्रण, दमा, उच्च रक्तदाब, संधिवात, आतड्यांचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, थायरॉइडचा अतिरेक आणि त्वचेचा एक विकार. प्रत्येकामागे मनातला एक ठरावीक संघर्ष आहे असं त्यांचं प्रतिपादन होतं. ऐकायला आकर्षक होतं, त्यामुळे पन्नास-साठच्या दशकांत ते मूळ धरून बसलं. पुढे ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा एक जिवाणू शोधला. मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच तो प्यायला आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तोवर किती अल्सरवाल्यांना "टेन्शन घेऊ नका" एवढंच औषध मिळालं असेल, याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

कर्करोगाच्या बाबतीत ही गोष्ट आणखी कडवट आहे. विशिष्ट स्वभावाच्या माणसांना, राग गिळणाऱ्या, सोसणाऱ्या माणसांना कर्करोग होतो हा सिद्धान्त बराच गाजला. त्याच्या समर्थनार्थ हान्स आयसेंक या नामवंत ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने सहलेखकासह लिहिलेले २६ शोधनिबंध भरवशाचे नाहीत, असा निर्वाळा लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०१९ मध्ये दिला. १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी पसरलेला स्तनांचा कर्करोग असलेल्या बायकांना गटात बसवून बोलतं केलं, तेव्हा त्यांचं आयुष्य दुपटीने वाढलेलं दिसलं. सगळं जग हरखलं. २००१ मध्ये कॅनडात तोच प्रयोग मोठ्या संख्येवर केला, तेव्हा आयुष्य वाढलं नाही. पण वेदना आणि मनाचा त्रास कमी झाला, विशेषतः ज्यांना आधी तो जास्त होता त्यांचा. माझ्या मते ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा मोठी आहे. उरलेले दिवस कमी वेदनेत जाणं हे काही दुय्यम फळ नाही. आपल्याकडे मात्र केमोथेरपी चालू असलेल्या बाईला येणाऱ्या मेसेजांमध्ये अजूनही पहिलीच बातमी असते: पॉझिटिव्ह राहा, कॅन्सर पळून जाईल. पळाला नाही तर दोष कुणाचा, हे त्यात लिहिलेलं नसतं, पण तिला ते समजतं.

मग मनाचा शरीरावर परिणाम होतो का? होतो, आणि तो दाखवायला गूढ काही लागत नाही. हृदयविकाराचं संशोधन इथे सगळ्यात उपयोगी आहे. माँट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २२२ जणांशी दवाखान्यातच बोलून नैराश्य आहे का ते पाहिलं. सहा महिन्यांनी हिशोब मांडला, तर नैराश्य असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे चौपट होता. हृदय किती कमजोर झालंय हे जमेला धरूनही हा फरक टिकला. हा निबंध १९९३ चा. मृत्यू मोजके होते, त्यामुळे शंका घेणारेही होते. पण पुढच्या वीस वर्षांत इतके अभ्यास त्याच दिशेचे आले की अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये हार्ट अटॅकनंतरच्या नैराश्याला धोक्याचा घटक मानावं अशी शिफारस केली. त्याआधी २००४ मध्ये डॉ. सलीम युसुफ यांच्या पुढाकाराने झालेल्या ५२ देशांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांच्या पंक्तीत मानसिक-सामाजिक ताण येऊन बसला होता.

कारणं शोधताना प्रयोगशाळांनी बरंच सांगितलं. ताणात कॉर्टिसोल वाढतं, ते साखर आणि रक्तदाब वर नेतं. नैराश्यात रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात, हृदयाच्या ठोक्यांची नैसर्गिक लवचिकता कमी होते, शरीरात हलकी सूज कायम धुमसत राहते. हे सगळं खरं आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या मेरी व्हूली यांनी हृदयविकाराच्या १,०१७ रुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा केला आणि २००८ मध्ये जे मांडलं, ते मला या सगळ्यांहून जास्त बोलकं वाटतं. नैराश्य असलेल्यांना पुन्हा हृदयाचा त्रास होण्याचं प्रमाण जास्त होतंच. पण त्यातला बहुतांश फरक वागण्यातून समजावता आला. चालणं-फिरणं बंद होणं हा त्यातला सगळ्यात मोठा वाटेकरी. त्याच्या जोडीला औषधं चुकणं आणि धूम्रपान. नैराश्य असलेल्या रुग्णाकडून उपचार न पाळले जाण्याची शक्यता तिप्पट असते, हे आणखी एका आढाव्यात २००० मध्येच दिसलं होतं. म्हणजे मनापासून हृदयापर्यंतचा रस्ता बऱ्याच अंशी दिनक्रमातून जातो. सकाळी अंथरुणातून न उठणं, फिरायला न जाणं, दुपारची गोळी घेऊन काय होणार आहे असं वाटणं.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली बीपी-शुगरची ओपीडी डोळ्यांसमोर आणा. प्लास्टिकच्या पिशवीत जुने केसपेपर, रिपोर्ट, रिकामी स्ट्रिप घेऊन माणसं सकाळपासून बाकावर. त्यातली एक पन्नाशीची बाई धरू. बोट टोचलं, साखर २८० आली. "गोड खाता का मावशी?" "नाही हो." "भात?" "थोडा." "चालायला जाता का?" यावर ती नुसती मान हलवते. गोळीचा डोस वाढतो, पुढची तारीख पडते. दोन मिनिटं लागतात, आणि डॉक्टरांच्या टेबलापाशी तितकीच मिळतात. तिला रात्री जेवणच जात नाही, म्हणून संध्याकाळची गोळी ती घेत नाही. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. नवरा गेल्यापासून शेजारच्या बायकांबरोबर फिरायला जाणं सुटलं. यातलं ती काही सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. विचारलं तरी ती "उदास वाटतं" असं म्हणणार नाही. ती म्हणेल अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, डोक्यात मुंग्या येतात, जीव घाबरा होतो, एक सलाईन लावा. पुढच्या महिन्यात वाढलेला डोस ती दोन दिवस नीट घेते, पोट रिकामं असतं, साखर खाली जाते, घाम फुटतो, हात थरथरतात. साखर उतरल्याची ही लक्षणं आणि घबराटीच्या झटक्याची लक्षणं जवळजवळ सारखीच. आतून तिला फरक कळत नाही. ती चमचाभर साखर तोंडात टाकते. कधी ते योग्य ठरतं, कधी २८० ची ३२० होते.

निदानही सोपं नाही. जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, थकवा किती, भूक कशी, असे प्रश्न त्यात आहेत. डायलिसिसवर असलेल्या किंवा साखर चढलेल्या माणसाला थकवा असणारच. रात्री चारदा लघवीला उठणाऱ्याची झोप मोडणारच. गुण नुसते मोजले तर नैराश्य नसलेल्याला ते आहे असं वाटू शकतं, आणि "हे तर आजाराचंच" म्हणून सोडलं तर असलेलं निसटतं. म्हणून अनुभवी डॉक्टर वेगळ्या दोन गोष्टींकडे पाहतात: ज्यात आधी रस होता त्यातला रस गेला आहे का, आणि स्वतःविषयी वाईट वाटतंय का, आपण घरावर ओझं झालो असं वाटतंय का. नातवंड आल्यावरही चेहरा हलत नसेल, तर ते मधुमेहाच्या थकव्याने होत नाही.

मधुमेहतज्ज्ञांनी नव्वदच्या दशकापासून आणखी एक गोष्ट वेगळी काढली आहे. रोजचं पथ्य, टोचणं, मोजणं, लग्नाच्या पंगतीत सगळ्यांनी ताटाकडे बघणं, आणि एवढं करूनही तीन महिन्यांची साखर वर येणं, याने माणूस वैतागतो. हा वैताग म्हणजे नैराश्य नव्हे आणि त्याला नैराश्याची गोळी लागत नाही. उपचार सोपे करून देणं आणि आकड्यावरून न ओरडणं याने तो पुष्कळ कमी होतो. म्हणजे "असं होणारच की" हे वाक्य अर्धं खरं आहे असं म्हणता येईल. वैताग येणारच, पण अंथरूण धरणं, जगण्यात राम न वाटणं हे "होणारच" या सदरात बसत नाही. मोठ्या पाहण्यांतही दीर्घ आजार असलेल्या बहुसंख्य माणसांना नैराश्य नसतं. म्हणूनच ज्यांना असतं त्यांचं वेगळं पाहायला हवं.

औषधं हा या नात्यातला फारसा न बोलला जाणारा दुवा. क्षयरोगाचा इतिहास इथे मजेदार आहे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे नवं औषध दिलेले क्षयरुग्ण अचानक उत्साही झाले. वॉर्डात नाचणाऱ्या रुग्णांचे फोटो छापून आले. त्यातूनच पुढे नैराश्यावरची पहिली गोळी निघाली, आणि यकृताला घातक ठरली म्हणून काही वर्षांत बंदही झाली. त्याच क्षयाच्या कपाटात उलट टोकाचं औषधही आहे. साध्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी वापरलं जाणारं सायक्लोसेरिन काही रुग्णांमध्ये भास, संशय, तीव्र नैराश्य आणि आत्महत्येचे विचार निर्माण करतं. मुंबईत अशा क्षयाचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. घरच्यांना हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस विचित्र वागू लागल्यावर देवऋषी आधी गाठला जातो, क्षयाचा डॉक्टर नंतर. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसाने झोप उडते, कधी माणूस भलताच उत्तेजित होतो, कधी ढासळतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी घरांत ते आधीच कमी असतं, आणि बी-१२ च्या कमतरतेत उदासी, विसराळूपणा, पायांना मुंग्या हे सगळं येतं. थायरॉइड मंदावलं की येणारी सुस्ती नैराश्यासारखीच दिसते. म्हणून मनाचा विचार करणाऱ्या डॉक्टरने आधी रक्त तपासावं, हे काही मनाला कमी लेखणं नव्हे.

याच्या उलटही गंमत होते. मधुमेहात पायांची आग होते, त्यावर रात्री झोपताना अ‍ॅमिट्रिप्टिलिनची अगदी छोटी मात्रा देतात. मुलगा मोबाइलवर गोळीचं नाव शोधतो, "डिप्रेशनची गोळी" असं वाचतो आणि वडिलांची गोळी बंद करतो. मेंदूत वेदनेच्या आणि मनःस्थितीच्या वाटा बऱ्याच ठिकाणी एकत्र येतात, म्हणून एकच औषध दोन्हीकडे चालतं, एवढं डॉक्टरने चिठ्ठी देताना अर्ध्या मिनिटात सांगितलं तर पायांची आग चालू राहणार नाही.

'क' प्रकारच्या काविळीवर (हिपॅटायटिस सी) पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. ती घेणाऱ्यांपैकी साधारण चारांत एकाला नैराश्य येई, पूर्वी कधीही नसलं तरी. इंटरफेरॉन म्हणजे शरीर संसर्गाशी लढताना सोडतं तोच, सूज वाढवणारा पदार्थ. सूज आणि उदासी यांचा संबंध माणसात इतका उघड दिसण्याची ही दुर्मीळ संधी होती. मग उलटा प्रश्न विचारला गेला: सूज कमी केली तर उदासी जाईल का? अटलांटाच्या एमरी विद्यापीठात २०१३ मध्ये संधिवातावर वापरलं जाणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या नैराश्याच्या ६० रुग्णांवर तपासलं. सरसकट उपयोग झाला नाही. ज्यांच्या रक्तात सुजेची खूण आधीच जास्त होती, त्यांना होताना दिसला. म्हणजे नैराश्य नावाच्या एका पाटीखाली वेगवेगळे आजार बसलेले असावेत. सुजेच्या गोळ्यांनी उदासी बरी होते असं यातून काढणं घाईचं ठरेल, पण काही आरोग्य-सदरांनी ते काढून झालंय.

दिशा पूर्ण उलटी केली की चित्र आणखी काळं होतं. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरतात, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकार, मधुमेह, श्वसनाचे आजार अशा अगदी ओळखीच्या कारणांनी होतात. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही प्रभावी औषधं वजन आणि साखर वाढवतात. लिथियम घेताना थायरॉइड आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागतं. त्याहून मोठं कारण म्हणजे त्यांच्या तक्रारीवर विश्वास न ठेवणं. छातीत दुखतं असं सांगणाऱ्या माणसाच्या कागदावर वर "स्किझोफ्रेनिया" लिहिलेलं असलं की ईसीजी काढायचा राहून जातो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांची चर्चा झाली की आपण खाटा, भिंती, नातेवाईकांनी सोडून दिलेले रुग्ण यांवर बोलतो. तिथल्या माणसांची कंबर, वजन आणि साखर दर तीन महिन्यांनी मोजली जाते का, हा प्रश्न बातमीत येत नाही.

"मनाचे खेळ" या वाक्याची सगळ्यात जास्त किंमत बायकांनी मोजली आहे, आणि या बाबतीत आपल्याच भागात झालेले दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते आलं: ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के. बायकांच्या कुरकुरीखाली खरे रोग दडले होते. पुढे गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. तिथे उलटं दिसलं. तक्रार करणाऱ्या बहुतेकींमध्ये संसर्ग सापडला नाही; त्या तक्रारीचं नातं चिंता-नैराश्य, कायमचा थकवा आणि घरातल्या हालांशी जास्त घट्ट होतं. तरी प्रतिजैविकांची चिठ्ठी मात्र त्यांना मिळत होती. गडचिरोलीचं बरोबर की गोव्याचं, असा प्रश्न चुकीचा आहे. न तपासता मन म्हणणं आणि न विचारता जंतू म्हणणं, या दोन्ही वाटा डॉक्टरला तीच दोन मिनिटं वाचवून देतात.

आणि हे सगळं जीवावर बेततं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत आत्महत्येच्या कारणांमध्ये कौटुंबिक प्रश्नांखालोखाल आजारपण येतं. २०२२ मध्ये त्याचा वाटा १८ टक्क्यांच्या वर होता, आणि त्या वर्षी सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या. या "आजारपण" रकान्यात कर्करोग, अर्धांगवायू आणि मानसिक आजार एकाच मथळ्याखाली येतात. पंचनामा लिहिणारा हवालदार "पोटदुखीला कंटाळून" असं लिहितो. ते पोट किती दुखत होतं, औषधाचे पैसे संपले होते का, आणि त्याआधीचे सहा महिने तो माणूस जेवत-झोपत होता का, हे कागदावर उतरत नाही.

आता उपाय. निव्वळ नैराश्यावर उपचार केले की हृदय सुधारेल ही आशा मोठ्या प्रयोगांत फळली नाही. अमेरिकेत २,४८१ हार्ट अटॅकच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात मानसोपचारांनी मनःस्थिती थोडी सुधारली, मृत्यू कमी झाले नाहीत. ते निष्कर्ष २००३ चे. याआधीच गोळ्यांपैकी सर्ट्रालिन अशा रुग्णांना सुरक्षित आहे एवढं पक्कं झालं होतं. फरक पडला तो दोन्ही आजार एकाच टेबलावर घेतल्यावर. सिॲटलमध्ये वेन कॅटन यांनी ती पद्धत बसवली, आणि भारतात तिची चाचणी दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणमच्या मधुमेह दवाखान्यांत झाली. साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्याबाहेर आणि सोबत नैराश्य, असे ४०४ रुग्ण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. अर्ध्यांना एक जास्तीचा माणूस दिला: डॉक्टर नसलेला, प्रशिक्षण दिलेला समन्वयक. तो रुग्णाला नियमित भेटतो, फोन करतो, साखर आणि मनःस्थिती दोन्हींचे गुण संगणकात भरतो, गोळ्या का सुटल्या ते विचारतो. मधुमेहतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ ठरावीक दिवशी त्याच्यासोबत बसून कोण अडलंय ते पाहतात आणि औषध बदलायचं तर मूळ डॉक्टरला सुचवतात. रुग्णाला मनोविकार विभागाची पायरी चढावी लागत नाही. २०२० मध्ये 'जामा'त आलेल्या निष्कर्षात, दोन वर्षांनी नैराश्य निम्म्याने कमी होऊन सोबत शरीराचा एक तरी आकडा सुधारलेले रुग्ण या गटात ७१.६ टक्के होते, नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्के. फरक जादूचा नाही, पण मधुमेहाच्या एखाद्या नव्या महागड्या गोळीने एवढं केलं असतं तर कंपनीने त्यावर परिषदा भरवल्या असत्या. मर्यादाही सांगायला हव्यात: चारही दवाखाने मोठ्या शहरांतले आणि नावाजलेले, ग्रामीण रुग्णालयातली ती बाकावरची रांग तिथे नव्हती.

त्या रांगेसाठी गोव्याकडे पाहावं लागतं. 'संगाथ' या संस्थेने तिथे मानसशास्त्राचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत २४ ठिकाणं होती. सरकारी केंद्रांत रुग्ण स्पष्टपणे सुधारले. खासगी जीपींकडे मात्र फरक दिसला नाही, बहुधा ते आपल्या रुग्णांना आधीच नावाने ओळखत असावेत. २०१७ च्या पुढच्या चाचणीत सहा-आठ भेटींची साधी पद्धत होती: आज काय केलं, काय सोडून दिलंय, त्यातलं एक लहानसं काम उद्या करायचं, परवा त्यावर बोलायचं. व्हूली यांच्या अभ्यासाशेजारी हे ठेवून पाहा. हृदयापर्यंतचा रस्ता जिथून जातो, तिथेच हे काम होतं: सकाळचं उठणं, अंगणापर्यंत चालणं, शेजारणीला हाक मारणं.

सरकारी कागदावर बऱ्याच गोष्टी आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायला सांगितलं आहे. एचआयव्हीच्या एआरटी केंद्रात पहिल्यापासून समुपदेशक बसतो. ज्या आजाराची सगळ्यात जास्त लाज बाळगली गेली त्याला तो मिळाला. मधुमेहाच्या क्लिनिकमध्ये समुपदेशकाचं पद असलं तरी त्याच्याकडून आहार, तंबाखू, व्यायाम याच विषयांची अपेक्षा असते. मानसिक आरोग्याची राष्ट्रीय पाहणी २०१५-१६ मध्ये झाली ती १२ राज्यांत, आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण त्या पाहणीत आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं.

आणि आशाताईंच्या हातातला एक फॉर्म आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाच्या घरी जाऊन बीपी, शुगर, कर्करोगाचा धोका नोंदवायचा सीबॅक फॉर्म. त्याच्या शेवटी पीएचक्यूमधले पहिले दोन प्रश्न आता छापलेले आहेत: कामात रस वाटतो का, आणि उदास, निराश वाटतं का. गुण ठरावीक आकड्यापुढे गेले तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचं. शुगर आणि मन एका कागदावर येण्याची ही बहुधा देशातली सगळ्यात मोठी सोय. पण प्रश्न ओट्यावर, सासूबाई आणि दोन शेजारणी बसलेल्या असताना विचारला जातो, आणि सूनबाई "नाही, सगळं बरं आहे" म्हणते. हेच दोन प्रश्न उपकेंद्रात, बोट टोचताना, दार लोटून विचारले तर उत्तर वेगळं येऊ शकेल. त्यानंतर पाठवायचं कुठे, तर तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ बहुतेक ठिकाणी नाही. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेला टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, जो उपकेंद्राच्या भिंतीवर लावता येतो आणि तिथूनच, त्या अधिकाऱ्याच्या फोनवरून, रुग्णासमोर लावता येतो. यासाठी नवा निधी लागत नाही. लागतात ती दहा मिनिटं, आणि ती कुणाच्या कामाच्या यादीतून काढायची हे जिल्हा पातळीवर अजून कुणी ठरवलेलं नाही.